प्रतिबंधात्मक आरोग्याचे काम करणाऱ्यांचा सन्मान : निवड कोणत्या कसोटीवर करावी?

गिरणाकाठ

नमस्कार मंडळी,

आमच्या तालुक्याच्या गावातील सार्वजनिक वाचनालय दरवर्षी साहित्य, शेती आणि शिक्षण या क्षेत्रांतील व्यक्तींचा सत्कार करते. यंदापासून त्यात आरोग्य हे क्षेत्र घ्यावे असे कार्यकारी मंडळाने ठरवले असून नियमावलीचा मसुदा करण्याचे काम माझ्याकडे आले आहे. पहिल्या बैठकीत सुचवली गेलेली नावे जवळपास सर्व जळगाव-धुळ्यातील नामवंत शल्यचिकित्सकांची आणि हृदयरोगतज्ज्ञांची होती. या मंडळींविषयी मला आदर आहे. परंतु जो माणूस मरणाच्या दारातून परत आणतो त्याला समाज आपण होऊन मान देतो. याउलट आजार गावाच्या वेशीबाहेरच राहावा म्हणून वर्षानुवर्षे राबणाऱ्याचे नावसुद्धा आपल्याला ठाऊक नसते. म्हणून हा सन्मान केवळ प्रतिबंधात्मक आणि सार्वजनिक आरोग्याच्या कामासाठी राखून ठेवावा, असे मी मंडळापुढे मांडले आहे.

त्यावर एका ज्येष्ठ सदस्यांनी रास्त प्रश्न विचारला. शस्त्रक्रियेने वाचलेला रुग्ण समोर उभा करता येतो. जो आजारी पडलाच नाही तो कसा दाखवणार, आणि तो दाखवता येत नसेल तर निवड कशाच्या आधारे करणार? खानदेशातील तिन्ही जिल्ह्यांच्या सभासदांनी यावर सविस्तर लिहावे, अशी विनंती आहे. सन्मान कोणाचा, पुरावा कोणता आणि स्वरूप काय, या तिन्ही गोष्टींवर मते हवी आहेत.

वाघूर

फार दिवसांनी असा विषय येथे निघाला, त्याबद्दल आभार. 1897 हे एकच वर्ष पाहा. त्या वर्षी 10 जानेवारीला मुंबईत वाल्देमार हाफकिन यांनी आपण तयार केलेली प्लेगची लस सर्वांत आधी स्वतःला टोचून घेतली. बरोबर दोन महिन्यांनी, 10 मार्चला, पुण्यात प्लेगच्या रुग्णांची सेवा करता करता सावित्रीबाई फुले त्याच रोगाने गेल्या. सार्वजनिक आरोग्याचा मान द्यायचा म्हटला की माझ्या डोळ्यांपुढे ही दोन नावे एकत्रच उभी राहतात.

हाफकिन यांच्या बाबतीत पुढे जे घडले ते निवड समितीने अवश्य ध्यानात घ्यावे. 1902 मध्ये पंजाबातील मुलकोवाल येथे त्यांची लस टोचलेल्या 19 जणांचा धनुर्वाताने मृत्यू झाला. दोष हाफकिन यांच्या माथी मारला गेला आणि 1907 मध्ये त्यांच्यावरील ठपका दूर होईपर्यंत त्यांना अपमान सोसावा लागला. लाखो लोकांना टोचलेली लस कोणाच्या लक्षात राहिली नाही, 19 मृत्यू मात्र राहिले. परळच्या ज्या प्रयोगशाळेची स्थापना त्यांनी 1899 मध्ये केली, तिला त्यांचे नाव मिळायला 1925 साल उजाडावे लागले. तेव्हा एखाद्या आरोग्यसेविकेविरुद्ध गावात चार तक्रारी आहेत एवढ्यावरून तिचे नाव बाजूला सारू नका. तक्रारीच्या मुळाशी काय आहे ते आधी पाहा. नको असलेली लस घ्यायला लावणाऱ्या आणि उघडे गटार बुजवायला सांगणाऱ्या माणसाविरुद्ध तक्रारी होणारच.

निवृत्त_आरोग्यसेवक

माझी सारी नोकरी चोपडा, यावल आणि रावेर या पट्ट्यात झाली, त्यामुळे पुराव्याविषयी अधिकाराने लिहितो. पुरावा असतो. तो कपाटातील नोंदवह्यांत असतो, आणि तो कोणी मागत नाही.

ग्रामपंचायतीचा जलसुरक्षक घ्या. पहाटे टाकी भरू लागली की तो बादलीत टीसीएल पावडर, म्हणजे क्लोरीनयुक्त ब्लीचिंग पावडर, कालवतो, चुना तळाशी बसू देतो आणि वरची निवळी तेवढी टाकीत सोडतो. अर्धा-एक तास थांबून मग नळ सोडायचे असतात. खरी परीक्षा होते ती गावाच्या अगदी शेवटच्या नळावर, कारण टाकीजवळच्या नळाला क्लोरीन सापडणारच. परीक्षानळीत पाणी घेऊन ओटीचे, म्हणजे ऑर्थोटोलिडीन या रसायनाचे, थेंब टाकायचे. पिवळी छटा आली तर पाणी पिण्यास योग्य. नाही आली तर वाटेत कोठेतरी जलवाहिनी फुटून गटाराचे पाणी आत शिरत असावे असे समजून गळती शोधायला निघायचे. ताज्या टीसीएलमध्ये सुमारे 33 टक्के क्लोरीन असतो, पण पोते उघडे राहिले किंवा दमट खोलीत पडले की तो उडून जातो आणि मग टाकीत पडतो तो नुसता चुना. ज्याला हे कळते तो पोत्याचे तोंड घट्ट बांधतो, त्यावरची तारीख पाहतो आणि जुने पोते आधी संपवतो. या माणसाचे मानधन किती असते ते आपापल्या ग्रामपंचायतीत विचारून पाहावे.

आता पुराव्याची कागदपत्रे सांगतो. एक म्हणजे ओटी नोंदवही. दुसरे, प्रयोगशाळेकडून आलेले पाणी नमुन्यांचे आणि टीसीएल नमुन्यांचे अहवाल. तिसरे, पावसाळ्यापूर्वी आणि पावसाळ्यानंतर होणाऱ्या स्वच्छता सर्वेक्षणावरून ग्रामपंचायतीला मिळणारे लाल, पिवळे किंवा हिरवे कार्ड. सलग पाच वर्षे हिरवे कार्ड असून साथ उद्भवली नसेल तर चंदेरी कार्ड मिळते. ही तिन्ही कागदपत्रे शेजारी शेजारी ठेवून वाचली की कोणत्या गावात कोणी काम केले ते आपोआप कळते.

तापीची_लेक

काका, नोंदवही घरी बसूनही भरता येते, हे आपण सर्वच जाणतो. खरी नोंदवही कशी ओळखावी?

निवृत्त_आरोग्यसेवक

ताई, प्रश्न योग्य आहे. वर्षभर रोज एकाच शाईने, एकाच हाताने ‘पॉझिटिव्ह’ लिहिलेले असेल तर ती वही एका बैठकीत भरलेली आहे असे समजावे. खऱ्या वहीत अधूनमधून ‘निगेटिव्ह’ असते, त्याच्यापुढे कोणत्या गल्लीत गळती सापडली ते लिहिलेले असते, आणि दोन-तीन दिवसांनी त्याच नळाची चाचणी पुन्हा केलेली आढळते. पानांवर पाण्याचे डागही असतात.

डॉ_देवपूर

मूळ प्रस्तावाशी मी अर्धाच सहमत आहे. क्षेत्रावर काम करणाऱ्यांचा सन्मान झालाच पाहिजे, परंतु त्यासाठी डॉक्टरांना सरसकट वगळणे अन्यायाचे होईल. प्रतिबंधाची दिशा दाखवणारे विज्ञान आणि नेतृत्व कोठून आले याचाही विचार करावा.

डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी 1970 मध्ये जामखेडला काम सुरू केले, गावातील अल्पशिक्षित आणि निरक्षर स्त्रियांना आरोग्याचे शिक्षण दिले, आणि 1979 मध्ये त्यांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी गावच्याच स्त्रियांना नवजात बाळाची घरी काळजी घेण्यास शिकवले. त्यामुळे नवजात मृत्युदर 62 टक्क्यांनी घटल्याचा त्यांचा शोधनिबंध 1999 मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाला. बाळंतिणीच्या घरी तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी आशाताई जी भेट देते, तो राष्ट्रीय कार्यक्रम 2011 मध्ये सुरू झाला आणि त्याच्यामागे हे संशोधन आहे. डॉ. दिलीप महालनबीस यांनी 1971 मध्ये पश्चिम बंगालमधील बनगावच्या निर्वासित छावणीत शिरेतून देण्याचे सलाइन संपल्यावर मीठ-साखरेचे पाणी तोंडावाटे द्यायला लावले आणि तेथील मृत्यूंचे प्रमाण 30 टक्क्यांवरून 4 टक्क्यांच्या खाली आणले. त्यांना पद्मविभूषण मिळाले ते 2023 मध्ये, मरणोत्तर. म्हणजे डॉक्टर असूनही प्रतिबंधाचे आणि सार्वजनिक आरोग्याचे काम केले की मान उशिराच मिळतो.

आपल्या भागातील उदाहरण हवे असेल तर डॉ. राजेंद्र भारूड यांचे घ्या. साक्री तालुक्यातील सामोडे या गावचे हे डॉक्टर नंदुरबारचे जिल्हाधिकारी असताना, 2020 मधील कोरोनाची पहिली लाट ओसरत होती आणि बहुतेक ठिकाणी निःश्वास टाकला जात होता तेव्हाच, त्यांनी जिल्ह्यात प्राणवायू निर्मितीचे प्रकल्प उभारायला घेतले. 2021 च्या लाटेत बाहेरच्या जिल्ह्यांतील रुग्ण नंदुरबारकडे येऊ लागले. संकट येण्यापूर्वी केलेली तयारी यापेक्षा वेगळी काय असते?

गिरणाकाठ

डॉक्टरसाहेब, वगळावे असे मी म्हणत नाही. पदवीवरून निवड होऊ नये, कामावरून व्हावी, एवढेच माझे म्हणणे आहे. प्राथमिक आरोग्य केंद्राचा वैद्यकीय अधिकारी जर गावोगावी फिरून लसीकरणाचे सत्र स्वतः तपासत असेल तर त्याचे नाव आनंदाने यावे.

अक्राणी_महाल

मी धडगावकडचा. सपाटीवरच्या मंडळींनी कसोट्या ठरवताना सातपुड्याच्या आतल्या बाजूचाही विचार करावा, म्हणून लिहितो.

नर्मदेच्या फुगवट्याकाठच्या पाड्यांवर रस्त्याने जाता येत नाही. चिमलखेडीच्या अंगणवाडी सेविका रेलू वसावे 2020 च्या टाळेबंदीत स्वतः नाव वल्हवत, सुमारे 18 किलोमीटरचा जलप्रवास करून, पलीकडच्या पाड्यांवरच्या बालकांचे वजन घ्यायला आणि गरोदर मातांना आहार द्यायला जात होत्या. त्यांची बातमी देशभर झाली आणि त्यांचे कौतुक झाले, ते योग्यच झाले. परंतु बातमी नावेची झाली. वजनकाट्यावर बाळाचे वजन शंभर-दोनशे ग्रॅमने का घटले, आईकडे घरात काय शिजते, बाळाला जुलाब होऊन गेले का, हे पाड्यावर बसून विचारणे हे त्या भेटीचे खरे काम होते. तीव्र कुपोषित बालक वेळेत ओळखले गेले तर पोषण पुनर्वसन केंद्रापर्यंत पोहोचते. पंधरा दिवस उशीर झाला तर साधा न्यूमोनियाही त्याला झेपत नाही.

दुसरी गोष्ट स्थलांतराची. दिवाळीनंतर आमच्याकडची कुटुंबेच्या कुटुंबे ऊसतोडीला गुजरातेत जातात आणि होळीला परततात. मधल्या काळात मुलांचे डोस चुकतात, गरोदर बाईची तपासणी चुकते. आमच्या भागातील एक आरोग्यसेविका होळीआधीचे भोंगऱ्याचे बाजार धरून ठेवते. ढोल वाजत असतात, नटूनथटून आलेली माणसे हरभरे-फुटाणे घेत असतात, आणि ही बाजाराच्या कडेला झाडाखाली शीतपेटी घेऊन बसलेली असते. जाण्यापूर्वी तिने प्रत्येक कुटुंबाचा मुक्काम कोणत्या कारखान्याकडे आहे ते वहीत टिपून घेतलेले असते, त्यामुळे बाजारात कोणाला शोधायचे ते तिला ठाऊक असते. बाळाला लस देण्याआधी ती कुपीवरचा व्हीव्हीएमचा, म्हणजे उष्णतेने लस खराब झाली का ते दाखवणारा, चौकोन उन्हाकडे धरून पाहते. आतला चौकोन बाहेरच्या वर्तुळाइतका गडद झाला असेल तर ती कुपी बाजूला जाते, मग समोर कितीही गर्दी असो. तिच्या उपकेंद्राचे लसीकरण कागदावर शंभर टक्के कधीच दिसणार नाही, कारण अर्धे गाव चार महिने परराज्यात असते. केवळ टक्केवारी पाहिलीत तर रस्त्यालगतच्या उपकेंद्राला मान मिळेल आणि ती मागे राहील.

तापीची_लेक

दादा, सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराविषयीही लिहा ना. तुमच्याकडे त्याचे काम मोठे आहे.

अक्राणी_महाल

होय ताई. भिल्ल आणि पावरा समाजांत याचे प्रमाण मोठे आहे. आई-वडील दोघेही वाहक असतील तर प्रत्येक गरोदरपणात बाळाला आजार होण्याची शक्यता 25 टक्के असते. म्हणून लग्नाआधी तपासणी आणि समुपदेशन हेच मुख्य हत्यार आहे. 2023 च्या 1 जुलैला शहडोल येथून राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन अभियान सुरू झाले, त्यात 2047 हे लक्ष्यवर्ष धरले असून 40 वर्षांपर्यंतच्या सुमारे 7 कोटी लोकांची तपासणी करायची आहे. परंतु तपासणीच्या निकालाचे कार्ड हातात देणे वेगळे आणि दोन घरांत बसून, कोणाची बेअब्रू न करता, मुलगा-मुलगी दोघेही वाहक आहेत हे समजावणे वेगळे. ते बोलणे जमणारी माणसे आमच्याकडे आहेत. गुप्तता पाळणे हा त्यांच्या कामाचा भाग असल्यामुळे त्यांचे यश जाहीर सभेत सांगताच येत नाही. अशा व्यक्तीची निवड करताना ‘तिने कोणती लग्ने टाळली’ असे कृपया विचारू नका.

आशाताईंची_लेक

मी हे वाचत होते आणि गप्प बसवेना. माझी आई शिंदखेडा तालुक्यात आशा कार्यकर्ती आहे. 22 मे 2022 रोजी जागतिक आरोग्य संघटनेच्या महासंचालकांनी भारतातील सुमारे दहा लाख आशांना ‘जागतिक आरोग्य नेते’ पुरस्कार दिला. गावात फलक लागला, आईला फार आनंद झाला. पुढच्याच वर्षी ऑक्टोबरात मानधनवाढीसाठी राज्यभर आशांना संप करावा लागला, आणि 2024 च्या आरंभी त्यांना मुंबईत आझाद मैदानावर बसावे लागले. दहा लाख नेत्यांना ‘स्वयंसेविका’ म्हणून कामावर आधारित मोबदला मिळतो. त्यांना पगारदार मानलेले नाही.

म्हणून माझे स्पष्ट मत आहे की शाल, श्रीफळ आणि मानचिन्ह यांपेक्षा उपयोगाचे काही द्यावे. रात्री बाळंतिणीबरोबर जावे लागते तेव्हा चांगली विजेरी लागते. बाळाचे वजन घ्यायला चांगला काटा लागतो. पावसाळ्यात नोंदवह्या भिजू नयेत म्हणून जलरोधक पिशवी लागते. वाचनालयाने सन्मानित व्यक्तीला विचारून तिच्या कामाला लागणारी वस्तू द्यावी आणि सोबत सन्मानपत्र द्यावे. सत्कारासाठी तालुक्याला बोलावून तिची एक दिवसाची मजुरी बुडवू नये.

पांझरा

ताईंच्या भावनेशी मी सहमत आहे, परंतु वस्तू देऊन थांबल्यास सन्मानाचा एक महत्त्वाचा परिणाम हातून जाईल. आरोग्यसेविकेचे गावात वजन वाढले तर तिचे ऐकले जाते. लस नाकारणाऱ्या घरासमोर ती पुन्हा उभी राहते तेव्हा तिच्या हातातील विजेरीपेक्षा ग्रामसभेत झालेला तिचा मान अधिक उपयोगी पडतो. मानधनाचा लढा वेगळा आहे आणि तो लढलाच पाहिजे. दोन्ही व्हावेत.

माझी मुख्य चिंता वेगळी आहे. निवृत्त काकांनी सांगितलेले हिरवे आणि चंदेरी कार्ड, किंवा ‘साथ उद्भवली नाही’ ही नोंद, यांवर पुरस्कार बेतला तर साथ लपवण्याला उत्तेजन मिळेल. आमच्या गावची घटना सांगतो. पावसाळ्याच्या सुरुवातीला एका गल्लीत तीन घरांत जुलाबाचे रुग्ण निघाले. आशाताईंनी त्याच संध्याकाळी उपकेंद्राला कळवले. गावातील काही कारभाऱ्यांना हे आवडले नाही, कारण गावाचे नाव वर्तमानपत्रात येईल, अशी त्यांना भीती होती. त्यांनी ताईंना बरेच बोलून घेतले. परंतु पथक सकाळी आले, जलवाहिनी गटारातून गेली होती तेथे तिचा सांधा सुटलेला सापडला, पाणी बंद केले, टँकर आणला, घरोघरी ओआरएसची पाकिटे वाटली आणि एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात सहा सपाट चमचे साखर व अर्धा सपाट चमचा मीठ हे प्रमाण प्रत्येक घरात करून दाखवले. साथ त्या एका गल्लीतच थांबली. कागदोपत्री मात्र आमच्या गावाच्या नावावर ‘उद्रेक’ नोंदला गेला. ज्या गावाने रुग्ण लपवले असते ते निष्कलंक राहिले असते.

म्हणून माझी सूचना अशी की, वेळेवर कळवणे ही या सन्मानाची सर्वांत वरची कसोटी ठेवावी. पहिला रुग्ण आणि पहिली खबर यांच्यामध्ये किती तास गेले, ते पाहावे.

निवृत्त_आरोग्यसेवक

पांझराभाऊ, शंभर टक्के मान्य. कार्डाच्या रंगापेक्षा ही कसोटी सरस आहे आणि तिचीही नोंद असते. आशाताईने कळवल्याची वेळ आणि पथक निघाल्याची वेळ, दोन्ही प्राथमिक आरोग्य केंद्रात सापडतात.

साक्रीकर

सार्वजनिक आरोग्याचा विचार दवाखाना आणि पाणी यांच्याही पलीकडे जावा. आमच्या साक्री तालुक्यातील बारीपाड्याचे चैत्राम पवार यांना 2025 मध्ये पद्मश्री मिळाली ती पर्यावरणाच्या कामासाठी. गावाने उजाड झालेले जंगल राखले, पाणी अडवले. पण तेथे पावसाळ्यात जी वनभाजी स्पर्धा भरते ती जवळून पाहिली तर हे आरोग्याचेच काम आहे हे पटते. आदिवासी बायाबापड्या रानातून आणलेल्या पाला, फुले, कंद यांच्या भाज्या रांधून मांडतात आणि कोणती भाजी केव्हा खायची, कोणती किती वेळा उकळून पाणी टाकून द्यायचे, बाळंतिणीला कोणती चालते, हे विचारणाऱ्याला सांगतात. जंगल गेले असते तर हे अन्नही गेले असते आणि त्याची माहितीही.

डॉ_देवपूर

साक्रीकर, काम मोठे आहे यात वाद नाही, परंतु क्षेत्र इतके विस्तारले तर पाणी अडवणारा, झाड लावणारा, रस्ता करणारा असे सगळेच आरोग्याचे मानकरी ठरतील आणि ज्यांना दुसरा कोणताच सन्मान मिळत नाही ती माणसे पुन्हा मागे राहतील. ज्यांना पद्मश्री मिळाली त्यांना वाचनालयाच्या सन्मानाची गरज नाही. ती भाजी रांधून समजावून सांगणारी बाई मात्र जरूर विचारात घ्यावी.

साक्रीकर

ही दुरुस्ती मला मान्य आहे, आणि तीच अधिक योग्य आहे.

हेडमास्तर_अमळनेर

शाळेचा विषय अद्याप आला नाही म्हणून लिहितो. आपल्याकडील कित्येक गावांत उन्हाळ्यात आठ-आठ, दहा-दहा दिवसांनी नळ येतो. त्यामुळे प्रत्येक घरात टाक्या, पिंपे, रांजण भरलेले असतात. डेंग्यूचा डास अशाच स्वच्छ साठलेल्या पाण्यात अंडी घालतो, आणि अंड्यापासून डास व्हायला साधारण आठ-दहा दिवस लागतात. म्हणून आठवड्यातून एक कोरडा दिवस पाळा असे सांगितले जाते. पण पुढचे पाणी कधी येईल याची खात्री नसलेल्या गृहिणीला भरलेले पिंप ओतून दे असे सांगणे सोपे नाही, आणि ती ओतत नाही यात तिचा दोष नाही.

एका शाळेतील विज्ञानशिक्षिकेने यावर वाट काढली. तिने सातवीच्या मुलांना अळ्या ओळखायला शिकवले, काचेच्या बरणीत अळीचा डास होताना दाखवला, आणि मग प्रत्येक मुलाला आपल्या गल्लीतील घरे वाटून दिली. पाणी ओतायचे नाही. जुन्या सुती लुगड्याचे फडके पिंपाच्या तोंडाला घट्ट बांधायचे, आणि पाणी संपले की भरण्याआधी आतली कड काथ्याने घासायची, कारण अंडी कडेला चिकटून कोरड्यातही महिनोन्महिने टिकतात. मोठ्या हौदांत गप्पी मासे सोडले. हे काम तिने एखाद्या जनजागृती सप्ताहापुरते केले नाही, दरवर्षी नव्या सातवीकडून करून घेतले. आरोग्य खात्याच्या कोणत्याही पुरस्कारात शिक्षिकेला जागा नाही. परिचारिकांसाठी 1973 पासून राष्ट्रीय फ्लोरेन्स नाइटिंगेल पुरस्कार आहे, रुग्णालयांच्या स्वच्छतेसाठी 2015 पासून कायाकल्प आहे, डॉक्टरांना बी. सी. रॉय पुरस्कार दिला गेला आहे. खात्याबाहेर राहून आरोग्याचे काम करणाऱ्या माणसासाठी आपल्या वाचनालयाने एक जागा राखून ठेवावी.

जुना_धुळेकर

वयाने येथील बहुतेकांपेक्षा मोठा आहे म्हणून नारूविषयी सांगतो, कारण आजच्या तरुणांना हा शब्दही परका वाटेल. पायऱ्यांच्या विहिरीत उतरून पाणी भरणारा माणूस ते पाणी प्यायला की वर्षभराने त्याच्या पायातून हातभर लांबीचा जंत बाहेर येई, आणि तो काडीला गुंडाळत दिवसेंदिवस बसावे लागे. या रोगावर ना लस होती ना औषध. पायविहिरींच्या पायऱ्या बुजवून कठडे बांधले, पाणी फडक्याने गाळून प्यायला शिकवले, विहिरींत औषध टाकले आणि रुग्णाला पाण्यात पाय बुडवू दिला नाही. एवढ्यावर 1996 मध्ये भारतातील शेवटचा रुग्ण नोंदला गेला आणि 2000 मध्ये देश नारूमुक्त ठरला. देवीचा शेवटचा रुग्ण 1975 मधला, पोलिओचा 2011 मधला. देवीच्या वेळी दाराशी येणारा लसटोचक आणि नारूच्या वेळी गाळणीचे फडके वाटणारा कर्मचारी यांची नावे कोणत्याही दगडावर नाहीत. त्यांपैकी जे हयात आहेत ते आता ऐंशीच्या घरात आहेत. वाचनालयाने पहिल्या वर्षीच त्यांना शोधावे. वाट पाहण्यासारखा वेळ त्यांच्याकडे उरलेला नाही.

वाघूर

आबांची सूचना पहिल्या क्रमांकावर घ्यावी, अशी माझी विनंती. आणि केवळ हार घालू नये. त्यांना जे आठवते ते ध्वनिमुद्रित करून वाचनालयात ठेवावे.

भादलीकर

समारंभाचा दिवस कोणता? आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, माहेरवाशिणी गावात असतात. त्या वेळी सत्कार झाला तर ऐकणाऱ्यांत लेकीबाळी असतील, ज्यांना लसीकरणाचे आणि पाण्याचे काम रोज करायचे असते.

पांझरा

आखाजीचा विचार चांगला आहे, परंतु ती कधी एप्रिलमध्ये येते तर कधी मेमध्ये, आणि त्या दिवशी घरोघरी पुरणपोळी व झोके यांतून कोणाला सवड मिळत नाही. 1 मेची ग्रामसभा अधिक सोयीची वाटते. पावसाळा महिन्याभरावर आलेला असतो, टाकी आणि गटारांची कामे त्याच सभेत निघतात, आणि सत्कार झालेल्या जलसुरक्षकाने ‘पाइप बदला’ असे म्हटले तर ते त्याच बैठकीत इतिवृत्तात लिहून घेता येते.

गिरणाकाठ

सर्वांचे मनापासून आभार. काल मंडळाची बैठक झाली आणि येथील चर्चेची प्रत मी सर्वांना वाचून दाखवली. मसुदा आता असा झाला आहे. दरवर्षी तीन सन्मान होतील. एक सेवेतील कर्मचारी किंवा मानधनी कार्यकर्ता, ज्यात आशाताई, अंगणवाडी सेविका, आरोग्यसेवक, जलसुरक्षक आणि प्राथमिक आरोग्य केंद्राचे डॉक्टर सर्व येतील. एक खात्याबाहेरील व्यक्ती. आणि एक निवृत्त व्यक्ती, ज्यांची आठवण ध्वनिमुद्रित केली जाईल. अर्ज मागवायचे नाहीत. नाव गावकऱ्यांनी किंवा सहकाऱ्यांनी सुचवायचे, आणि समितीतील दोघांनी त्या गावी जाऊन नोंदवह्या पाहायच्या. टक्केवारी आणि कार्डाचा रंग यांना स्वतंत्र गुण नाहीत. वेळेवर कळवणे, अडचणीच्या ठिकाणी पोहोचणे आणि काम सलग वर्षे चालू ठेवणे या तीन गोष्टी पाहायच्या. सिकलसेल किंवा तत्सम गोपनीय कामाबाबत कोणत्याही कुटुंबाचा तपशील मागायचा नाही. सत्कार त्या त्या गावच्या 1 मेच्या ग्रामसभेत होईल, आणि कामाला लागणारी वस्तू व्यक्तीला विचारून दिली जाईल.

दुर्गम पाड्यांचा मुद्दा मंडळाला पटला, परंतु आमचे वाचनालय जळगाव जिल्ह्यापुरते आहे. धडगाव-अक्कलकुव्यासाठी तेथीलच एखाद्या संस्थेने हाच मसुदा घ्यावा, तो आम्ही आनंदाने देऊ.

आशाताईंची_लेक

मसुदा चांगला आहे. एक अट मात्र घाला. ज्या दिवशी समिती नोंदवह्या पाहायला येईल त्या दिवशी आशाताईला कामावर आधारित मोबदला मिळणार नाही; तेवढी रक्कम वाचनालयाने द्यावी.

गिरणाकाठ

ताई, ही अट आजच मसुद्यात घेतो.

अक्राणी_महाल

मसुदा पाठवा. आमच्याकडे 1 मेऐवजी होळीनंतरचा आठवडा धरावा लागेल, कारण तेव्हाच सारी माणसे पाड्यावर असतात. शहाद्यातील काही मित्रांशी मी याबाबत बोलणे सुरू केले आहे.

निवृत्त_आरोग्यसेवक

समितीतील दोघांना एक सांगणे आहे. नोंदवही पाहायला जाल तेव्हा तालुका आरोग्य अधिकाऱ्यांची लेखी परवानगी आधी घ्या, म्हणजे तेथील कर्मचाऱ्याला संकोच होणार नाही. सोबत ओटीची बाटली न्या आणि शेवटच्या नळाचे पाणी स्वतः तपासा. बाटलीवरची मुदत संपलेली नाही ना, तेवढे निघण्यापूर्वी पाहून घ्या. जुन्या ओटीला रंग नीट येत नाही आणि चांगले काम करणाऱ्या जलसुरक्षकावर विनाकारण ठपका बसतो.